मंडळीत राहून आलेले परकेपण

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एकटेपणाविषयी अलीकडे बरेच लिहिले जात आहे. जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालात म्हटले आहे. ब्रिटनने तर २०१८ सालीच या प्रश्नासाठी मंत्री नेमला. आपल्याकडेही मुले परदेशी गेलेल्या आईवडिलांविषयी आणि शहरात एकट्याने राहणाऱ्या तरुणांविषयी वर्तमानपत्रांतून सातत्याने येत असते. या लेखनात एक उपाय हमखास सुचवलेला असतो, तो म्हणजे एखाद्या धार्मिक किंवा सामाजिक समूहात जाऊन बसावे. मी ज्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहात, जन्मले आणि वाढले, तिच्याविषयी मला असे सांगायचे आहे की माणूस तिच्यात दर रविवारी बसूनही एकटा राहू शकतो, वर्षानुवर्षे राहतो, आणि त्याचे हे एकटेपण पुष्कळदा त्याच्या स्वभावातून नव्हे, तर मंडळीने आपले व्यवहार ज्या रीतीने लावले आहेत त्यांतून आलेले असते.

हे पत्र मंडळीच्या मासिकाकडे न पाठवता आपल्या दैनिकाकडे पाठवण्याचे कारण असे की ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्यांच्यापैकी अनेकांनी मंडळीची मासिके वाचणे केव्हाच सोडले आहे, काहींनी उपासनेला येणेही सोडले आहे, पण वर्तमानपत्र ते वाचतात. शिवाय आमच्या शेजाऱ्यांनाही हे कळावे असे मला वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी होती, आणि त्यांतही मातृभाषा मराठी असणारे आम्ही आणखी थोडे. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही एकमेकांना धरून राहणारा, एकजीव समाज वाटतो. त्याच वेळी, 'तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतके चांगले कसे बोलता?' हा प्रश्न मराठी शिकवण्यात नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेलाही चुकलेला नाही. बाहेर असा पाहुण्यासारखा गणला जाणारा माणूस मंडळीत आपल्या हक्काने येतो, आणि तिथेही जर तो पाहुणाच ठरला तर त्याला जायला तिसरे ठिकाण नसते.

माझे माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात. आमच्या गावी मंडळीची मोजकीच घरे होती. कोणाची म्हैस आटली आणि कोणाच्या मुलाची फी थकली हे पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, ठाऊक असे, आणि एखादा रविवार चुकला तर दुपारपर्यंत कोणीतरी दारात चौकशीला येई. तो काळ सगळाच चांगला होता असे मी म्हणणार नाही. जिथे सगळ्यांना सगळे ठाऊक असते तिथे चुकलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते; आणि महारवाड्यातून आलेली घरे व मांगवाड्यातून आलेली घरे यांच्यात बाप्तिस्म्याला दोन-दोन पिढ्या उलटल्या तरी सोयरीक होत नसे, हेही आम्ही पाहिलेले आहे. परंतु तिथे कोणी नजरेआड होत नव्हते, एवढे खरे.

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे नगर, जालना, बीड या भागांतील ख्रिस्ती कुटुंबे पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, मुंबई इकडे येत गेली. येताना त्यांनी आपापली गावेही बरोबर आणली. आजही रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात जे घोळके उभे राहतात ते गावांचे आणि सोयरिकींचे असतात. नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो गाव कोणते आणि तुम्ही कोणाच्या घरचे, असा. उत्तरात ओळखीचे आडनाव निघाले की लगेच चहा होतो, फोन नंबर घेतला जातो, पुढच्या रविवारी जेवायला या असे सांगितले जाते. तसे न निघाल्यास 'बरं बरं, येत जा' एवढे बोलून विचारणारा दुसरीकडे वळतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. परक्या शहरात तो आपले माणूस शोधत असतो, आणि हे शोधणे मी स्वतःही केले आहे. मात्र ज्याच्याजवळ सांगण्यासारखे नाते नाही त्याच्यापाशी संभाषण संपते, आणि पुढच्या रविवारी ते पुन्हा सुरू करण्याचे कारण कोणाजवळच उरत नाही.

अशी माणसे कोण असतात, हे सांगितले पाहिजे. हिंदू किंवा बौद्ध घरातून एकटाच ख्रिस्ती विश्वासात आलेला तरुण असतो. घरच्यांनी त्याच्याशी बोलणे टाकलेले असते आणि इथे त्याची 'साक्ष', म्हणजे तो विश्वासात कसा आला याची हकिगत, एकदा व्यासपीठावरून ऐकून झाल्यावर त्याच्या जेवणाखाण्याची, आजारपणाची विचारपूस कोणी करत नाही. आंतरधर्मीय विवाह केलेली मुलगी असते, जी नवऱ्याला घरी ठेवून मुलाचा हात धरून शेवटच्या बाकावर येऊन बसते. घटस्फोटित असतात. मराठवाड्यातून आलेली, रुग्णालयात पाळ्या करणारी परिचारिका असते. तिचा रविवार कधी असतो, कधी नसतो, आणि त्यामुळे तिचे नाव कोणत्याच यादीत बसत नाही. चाळिशी ओलांडलेले अविवाहित असतात, ज्यांना तरुण संघ आपले म्हणत नाही आणि विवाहितांच्या मेळाव्यात जागा नसते. आणि आम्ही विधवा असतो, आमची संख्या यांत सर्वांत मोठी.

माझे पती गेले तेव्हा मंडळी कशी धावून आली हे मी विसरलेले नाही. शवपेटी आणण्यापासून दफनभूमीतील व्यवस्थेपर्यंत आम्हाला काही पाहावे लागले नाही, कित्येक दिवस घरात चूल पेटवू दिली नाही, रोज संध्याकाळी गीते आणि प्रार्थना झाल्या. मृत्यूच्या घराशी कसे वागावे हे मराठी मंडळीला फार चांगले कळते. अडचण त्यानंतर सुरू होते. आमच्याकडे आठवड्यातील वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस उपासनेत जाहीर होतात, जोडप्यांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना होते. सूचना वाचल्या जातात त्या सहकुटुंब उपस्थित राहण्याच्या. घरोघरच्या कॉटेज मीटिंगा, म्हणजे प्रार्थनासभा, ज्यांच्याकडे वीस माणसे बसतील एवढी खोली आहे त्यांच्याकडे होतात. मुलाच्या घरात एका खोलीत राहणारी आई कोणाला बोलावणार, आणि जी कधी बोलावत नाही तिला हळूहळू बोलावणेही येईनासे होते. महिला मंडळाची सभा आठवड्यातल्या दुपारी असते, तेव्हा नोकरी करणाऱ्या स्त्रिया कामावर असतात आणि माझ्या वयाच्या अनेकींना शाळेतून येणारी नातवंडे सांभाळायची असतात. यांतली एकही गोष्ट कोणाला दूर लोटण्यासाठी केलेली नाही. पण ही सगळी रचना नवरा, बायको, मुले आणि बऱ्यापैकी घर असणाऱ्या माणसाला समोर ठेवून झालेली आहे, आणि जो तसा नाही त्याला दर आठवड्याला कोणी काही न बोलताही ते कळत राहते.

यांपेक्षाही कठीण क्षण प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, असतो. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीरपणे पक्का करण्याचा विधी) झालेल्यांनीच त्यात भाग घ्यावा हा नियम जुना आहे, त्याला आधार आहे, आणि तो मोडा असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. बाकाबाकांतून माणसे उठून पुढे जातात तेव्हा जे बसून राहतात त्यांच्याकडे मात्र पाहावे. त्यांत केवळ कुतूहलाने आलेले लोक नसतात. त्यांत असे लोक असतात जे अनेक वर्षे नियमाने येतात, गीते पाठ म्हणतात, दान देतात, आणि तरीही ज्यांचे नाव मंडळीच्या वहीत नाही, कारण ते तिथे लिहिले गेले तर घरातील मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी धोक्यात येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही. हा आदेश बदलणे मंडळीच्या हातात नाही, त्यासाठीचा लढा अनेक वर्षे चालू आहे. परंतु या कायद्यामुळे ज्यांना कागदावर एक आणि अंतःकरणात दुसरे असे जगावे लागते, त्यांच्याकडे 'सवलतीसाठी बाप्तिस्मा न घेणारे' म्हणून आमच्यातलेच लोक तुच्छतेने पाहतात, ते थांबवणे तरी आमच्या हातात आहे. काही चर्चमध्ये, जे प्रभुभोजन घेत नाहीत तेही रांगेतून पुढे जातात आणि पाळक त्यांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतात. नियम जागच्या जागी राहतो आणि बाकावर एकटे कोणी उरत नाही. एवढी साधी गोष्ट सर्वत्र का होऊ नये, हे मला समजत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे आणि तो वाढत जाणारा आहे. शहरातील अनेक चर्चमध्ये इंग्रजी आणि मराठी अशा दोन वेगळ्या उपासना असतात. मुले, नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकलेली, ती इंग्रजी उपासनेला जातात, आजीआजोबा मराठीला. एकाच घरातील माणसे एकाच इमारतीत दोन वेगवेगळ्या वेळी देवापुढे उभी राहतात आणि फाटकात एकमेकांना भेटतात. मराठी उपासनेला तरुण दिसत नाहीत म्हणून तिची वेळ गैरसोयीची होत जाते, ऑर्गन वाजवणारा मिळत नाही, आणि हळूहळू ती गरीब नातेवाइकासारखी चालवली जाते. कॅथलिक बांधवांच्या धर्मग्रामांतही, म्हणजे त्यांच्या एकेका चर्चच्या क्षेत्रातही, याहून फार वेगळे नाही असे माझ्या मैत्रिणी सांगतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६० च्या दशकात लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा (कॅथलिक उपासना) करण्यास मोकळीक दिली, पण शहरात लोकांची भाषा म्हणजे कोणत्या लोकांची, हा वाद उरलाच.

या सर्वांवर आमच्याकडे दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे. पाळक प्रीतीवर संदेश देतात, आणि चर्चच्या दाराशी हसतमुखाने हात मिळवणारे दोन तरुण उभे केले जातात. दोन्ही चांगलेच आहे. परंतु बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीने काय केले ते मी पुन्हा पुन्हा वाचते आणि मला आमचे उत्तर अपुरे वाटते. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होऊ लागले आणि त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. भाषा, वैधव्य आणि वाटणीत मागे राहणे, असे तिन्ही प्रश्न ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या दिवसांत एकत्र आले होते. बारा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, त्यांच्या विश्वासात उणीव आहे असे म्हटले नाही, आणि केवळ प्रवचनावरही भागवले नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलावून सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटणीचे काम त्यांच्या हाती सोपवले. त्या सातांची नावे वाचावीत: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत, आणि शेवटचा तर जन्माने यहूदीही नव्हता. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होत होते त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे कोठाराच्या किल्ल्या गेल्या. तक्रारीचे निवारण करण्याची ही रीत मला आजही धाडसाची वाटते.

आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासातील ज्या व्यक्तींचा आम्ही अभिमानाने उल्लेख करतो त्यांनाही हे परकेपण चुकले नव्हते, ही गोष्ट आम्ही जयंत्या साजऱ्या करताना विसरतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तेथील मठातल्या भगिनींनी त्यांना आधार दिला, माया दिली. परंतु त्यांनी मांसाहार न करणे, सिद्धांतांवर प्रश्न विचारणे, स्वतःच्या विवेकाने ठरवण्याचा हक्क न सोडणे हे त्या मायेला मानवले नाही, आणि याविषयीचा तीव्र पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यांच्यावर प्रेम करणारे लोक होते, पण त्यांनी शिष्या होऊन राहावे अशी त्या प्रेमाची अपेक्षा होती. एकटेपणाचा हा प्रकार वरून दिसत नाही, आणि आजच्या नवविश्वासी तरुणाला विचारले तर तो हेच सांगेल. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यासाठी त्यांना पत्नी आणि मूल यांच्यापासून काही वर्षे दूर राहावे लागले, पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. टिळकांची पदे आज मराठी चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले आणि ती कल्पना मुळे धरू शकली नाही. मला वाटते, शेवटच्या बाकावरची जी माणसे मी वर सांगितली, ती टिळकांना दिसली होती.

ज्यांना मंडळीत जागा मिळत नाही ते आज सभागृहांत आणि भाड्याच्या हॉलमध्ये चालणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभांकडे जातात. जुन्या चर्चमध्ये याविषयी फार रागाने बोलले जाते, ते आमची मेंढरे पळवतात असे म्हटले जाते. मी अशा सभांना गेले आहे. तिथली सगळी शिकवण मला पटत नाही. विशेषतः ज्याचा आजार बरा होत नाही त्याच्याच विश्वासात खोट काढली जाते, आणि तो माणूस पुन्हा एकदा बाहेरचा होतो, हे मी पाहिले आहे. परंतु तिथे आठवड्यात फोन येतो, नाव घेऊन प्रार्थना होते, आणि मुख्य म्हणजे नव्या माणसाला महिन्याभरात काहीतरी काम दिले जाते: सतरंज्या घालणे, पाणी भरणे, डफ वाजवणे. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षे येणाऱ्या माणसालाही कोणी कधी उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधील उतारा, वाचायला सांगितलेला नसतो. त्याला घरचे समजले जाते की नाही, हे स्वागताच्या हस्तांदोलनापेक्षा त्याच्याकडून काही मागितले जाते का, यावरून त्याला कळते.

म्हणून पाळकांना आणि कमिट्यांच्या सभासदांना माझी विनंती कार्यक्रमांची नाही, अधिकारांची आहे. शास्त्रपाठ, दान गोळा करणे, मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना ही कामे ठरावीक घरांत फिरतात, ती वहीतील नावे पाहून सर्वांकडे जावीत, ज्यांचे नाव वहीत नाही त्यांच्याकडेही जी देता येतील ती द्यावीत. कॉटेज मीटिंग घर लहान असलेल्यांच्या नावाने चर्चच्याच खोलीत घेता येते. महिन्यातून एका रविवारी दोन्ही भाषांची एकच उपासना व्हावी, तिच्यात थोडा गोंधळ झाला तरी चालेल. महिला मंडळाची एक सभा रविवारी उपासनेनंतर लगेच ठेवावी. आणि ज्या घरात एकच माणूस मंडळीत येते अशा लोकांची भेट घेण्याचे काम कमिटीतील धडधाकट संसारी माणसांकडे न देता, त्या लोकांतूनच दोघातिघांना निवडून, खर्चाची रक्कम ठरवून, त्यांच्या हाती द्यावे. विधवा, अविवाहित, एकट्याने विश्वासात आलेले यांच्यापैकी कोणीही आपल्या कमिटीवर नाही, असे ज्या मंडळीला आढळेल तिने येत्या वार्षिक सभेत इमारतीच्या रंगकामाआधी हा विषय घ्यावा. माझ्या मंडळीच्या पाळकांना मी हे सर्व तोंडी सांगितले आहे, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आहे, आणि विषय कमिटीपुढे ठेवण्याचे कबूल केले आहे.

ज्यांनी येणे सोडले आहे त्यांना 'परत या' असे मी या पत्रातून सांगणार नाही. तो निर्णय त्यांचा आहे, आणि त्यामागे काय सोसलेले आहे हे मला थोडेबहुत माहीत आहे. त्यांना एवढीच विनंती आहे की न येण्याचे कारण आपल्या मंडळीच्या चिटणिसांना एकदा लेखी कळवावे. तसे पत्र नसते तेव्हा सभासदांच्या यादीत त्यांच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडतो आणि कमिटी पुढच्या नावाकडे वळते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
पिंपरी-चिंचवड

(माझ्या मंडळीतील कोणालाही ओशाळवाणे वाटू नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)